‘गंभीर जखमी’ म्हणजे नेमका कोण?

प्रश्न

रस्ते अपघातांची माहिती पोलीस, परिवहन, बांधकाम आणि आरोग्य या विभागांनी आयरॅड या सामाईक प्रणालीत भरावी, अशी व्यवस्था आहे. ‘गंभीर जखमी’ या शब्दाने पोलीस आणि डॉक्टर यांना एकच अर्थ अभिप्रेत असतो का? मराठी तक्त्यात कोणता शब्द वापरावा?

उत्तर १

अर्थ एक नाही. पोलिसांचा ‘गंभीर’ हा कायद्यातल्या ‘गंभीर दुखापत’ या संज्ञेवरून आलेला आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ नुसार हाड किंवा दात मोडणे अथवा निखळणे, तसेच पंधरा दिवस तीव्र वेदना होणे किंवा नेहमीचे व्यवहार करता न येणे, हे सारे त्या संज्ञेत बसते. त्यामुळे दुचाकीवरून पडून ज्याचा केवळ पुढचा दात मोडला, तोही पोलीस ठाण्याच्या नोंदीत गंभीर जखमी ठरतो. डॉक्टर ‘रुग्ण गंभीर आहे’ म्हणतात ते जिवाला धोका असताना. दात मोडलेल्या माणसाला ते बहुधा त्याच दिवशी घरी पाठवतील. उलट, पोटात रक्तस्राव सुरू असलेला माणूस घटनास्थळी चालता-बोलता दिसू शकतो आणि त्याची पहिली नोंद ‘किरकोळ’ अशी होऊ शकते.

हा फरक रस्त्यापर्यंत पोहोचतो, म्हणून तो मला फार महत्त्वाचा वाटतो. राष्ट्रीय महामार्गावरील सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापत झालेले पाच अपघात घडले, अथवा दहा मृत्यू झाले, तर तो पट्टा ‘ब्लॅक स्पॉट’ (अपघातप्रवण ठिकाण) ठरतो, असा केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा निकष आहे. म्हणजे एका जखमीपुढे कोणता शब्द लिहिला गेला, यावर तिथले वळण सुधारण्याच्या कामाला अग्रक्रम मिळणार की नाही, हे अवलंबून राहू शकते. त्यातच जुन्या भारतीय दंड संहितेत गंभीर दुखापतीची मुदत पंधराऐवजी वीस दिवसांची होती आणि नवा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू झाला, त्यामुळे या तारखेच्या दोन्ही बाजूंच्या नोंदी एकत्र मोजताना शब्द तोच असला तरी माप बदललेले असते.

माझ्या मते पोलिसांच्या रकान्यात ‘गंभीर दुखापत’ हीच पूर्ण संज्ञा ठेवावी आणि रुग्णालयाच्या रकान्यात ‘अत्यवस्थ’ व ‘आंतररुग्ण’ (दाखल करून घेतलेला रुग्ण) हे शब्द वापरावेत. दोन्ही रकाने शेजारी असावेत. एकाने दुसरा पुसू नये.

उत्तर २

‘मयत’ या शब्दाकडेही पाहावे. अपघातानंतर ३० दिवसांच्या आत झालेला मृत्यू अपघाती मृत्यूंत मोजला जातो. परंतु जखमीला दुसऱ्या जिल्ह्यातल्या रुग्णालयात हलवले आणि आठवड्याने तो दगावला, तर ही बातमी मूळ ठाण्यापर्यंत पोहोचेपर्यंत तिथल्या नोंदीत तो ‘जखमी’च राहतो. म्हणून या रकान्याचे नाव ‘तीस दिवसांअखेरची स्थिती’ असावे आणि तो रुग्णालयाने भरावा.