शस्त्रक्रियेनंतर घरी आणलेले वडील दोन दिवसांपासून बरळत आहेत. हे वयामुळे आहे का?

प्रश्न

माझे वडील ८१ वर्षांचे आहेत. पडल्यामुळे खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली आणि गेले १८ दिवस ते घरी आहेत. परवापर्यंत ते वॉकर धरून खोलीतल्या खोलीत चालत होते, वर्तमानपत्र वाचत होते आणि औषधाला पाच मिनिटे उशीर झाला तर मलाच सुनावत होते. परवा रात्रीपासून मात्र सगळे बदलले आहे. दिवसभर ते पेंगुळलेले असतात. संध्याकाळ झाली की चादरीचे टोक चिमटीत धरून ओढत राहतात, कोपऱ्यात कुणीतरी उभे आहे असे सांगतात आणि कधीच वारलेल्या थोरल्या काकांना हाका मारतात. काल पहाटे तासभर अगदी पूर्वीसारखे बोलले, मग पुन्हा तेच सुरू झाले. ताप दोनदा पाहिला, नाही. तीन दिवसांपासून थोडी थोडी पातळ शौचाला होत असल्यामुळे डायपर लावला आहे आणि माकडहाडावर नाण्याएवढा लाल डाग दिसू लागला आहे.

नातेवाईकांच्या मते ही स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे आणि या वयात असे व्हायचेच. रात्रीसाठी झोपेची गोळी द्यावी का, जुलाब थांबवण्याची गोळी चालेल का आणि त्या डागावर तेल चोळावे का, हे कृपया सांगावे.

प्रतिसाद १ (निवृत्त परिचारिका)

तिन्ही गोष्टींना माझे उत्तर ‘नको’ असेच आहे, आणि वडिलांना उद्यावर न ढकलता आजच डॉक्टरांना दाखवा.

स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांच्या गतीने वाढतो. परवा वर्तमानपत्र वाचणारा माणूस काल बरळू लागला, मध्येच तासभर शुद्धीवर आला आणि पुन्हा भरकटला, तर त्या अवस्थेला डिलिरियम म्हणतात. शरीरात कुठेतरी बिघाड झाल्याची ती खूण असते आणि तो बिघाड बहुधा सापडतो. ‘वय झाले’ या दोन शब्दांनी किती रुग्णांची तपासणी लांबलेली मी पाहिली आहे, हे सांगू लागले तर विषय भरकटेल.

अशा रुग्णाजवळ गेले की मी आधी पोटाची विचारपूस करीत असे. ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामके चालू असतील आणि हालचाल कमी असेल, तर गुदाशयात मळाचा घट्ट गोळा अडकतो आणि त्याच्या कडेने फक्त पाणी झिरपते. घरच्यांना तो जुलाब वाटतो आणि थांबवण्याची गोळी दिली की अडथळा आणखी पक्का होतो. पातळ शौच सुरू होण्याआधी किती दिवस पोट साफ झाले नव्हते, ते आठवून डॉक्टरांना सांगा. तोच गोळा मूत्रमार्गावर दाबला गेल्याने लघवीही तुंबू शकते. डायपर ओला दिसतो म्हणून लघवी व्यवस्थित होते असे धरू नका, कारण तुडुंब भरलेल्या मूत्राशयातूनही थेंब थेंब गळत राहते. ओटीपोट फुगीर आणि घट्ट लागते का, तेथे हात ठेवल्यावर ते कळवळतात का, एवढे अवश्य पाहा.

चालू असलेल्या सर्व औषधांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून सोबत न्या. सर्दीची किंवा खाजेची गुंगी आणणारी साधी गोळीसुद्धा या वयात असा गोंधळ घडवते आणि ती घरच्यांच्या लेखी ‘औषध’ नसल्यामुळे यादीतून राहून जाते. मधुमेह असेल तर आत्ताच साखर तपासा. ती दर डेसिलीटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल आणि ते जागे राहून नीट गिळू शकत असतील, तर १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा.

ताप नाही यावर विसंबू नका; म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनियातही ताप चढेलच असे नाही. ते शांत पडलेले असताना श्वास पूर्ण एक मिनिट मोजा आणि तो आकडा डॉक्टरांना सांगा. हाक मारूनही ते उठत नसतील, श्वासाला धाप लागत असेल किंवा चेहऱ्याची अथवा अंगाची एक बाजू लुळी पडल्यासारखी वाटत असेल, तर रुग्णवाहिकाच बोलवा.

प्रतिसाद २

माझ्या आईच्या बाबतीत हे झाले तेव्हा ती बरळत नव्हती, उलट अगदी गप्प झाली होती. विचारले तर हो-नाही म्हणायची, घास तोंडात तसाच धरून ठेवायची. ‘आता शांत झाली’ असे समजून आम्ही तीन दिवस घालवले. तोही डिलिरियमच होता, हे फार उशिरा कळले.

चष्मा आणि श्रवणयंत्र असेल तर जागेपणी ते लावलेले असू द्या. आईचा चष्मा रुग्णालयाच्या पिशवीत तसाच राहिला होता आणि तिला दिसणाऱ्या ‘माणसां’पैकी एक जण म्हणजे खुंटीवरचा झगा होता. दिवसा पडदे उघडे ठेवा, रात्री मंद दिवा असू द्या. काका वारले आहेत हे पटवून देण्याच्या फंदात पडू नका. तुम्ही कोण आणि ते कुठे आहेत, एवढेच शांतपणे सांगत राहा. हात बांधू नका. बांधल्याने माणूस अधिक बिथरतो. लघवीची तपासणीही करून घ्या, बहुतेक वेळा तेथेच जंतू सापडतात.

प्रतिसाद ३ (शय्याव्रणांचे काम पाहणारी परिचारिका)

वरच्या शेवटच्या वाक्याबद्दल थोडे सावध राहावे असे मला वाटते. वृद्धांच्या लघवीत कोणताही त्रास नसतानाही जंतू सापडणे फार सामान्य आहे. जळजळ, ओटीपोटात दुखणे किंवा ताप नसताना केवळ त्या अहवालावरून प्रतिजैविक सुरू केले, तर खरे कारण तसेच राहून जाते.

आता डागाविषयी. त्यावर बोट हलके दाबून सोडा. जागा क्षणभर फिकट होऊन पुन्हा लाल झाली तर रक्तप्रवाह टिकून आहे. लाली हललीच नाही तर शय्याव्रणाची पहिली पायरी सुरू झाली आहे. सावळ्या त्वचेवर हा रंगबदल सहज दिसत नाही, म्हणून तेथे हात लावून ती जागा शेजारच्या त्वचेपेक्षा गरम किंवा कडक लागते का ते पाहावे. तेल चोळल्याने आतल्या, आधीच दबलेल्या पेशींना आणखी इजा होते. मध्ये भोक असलेली गोल उशीही नको, कारण तिच्या कडेचा दाब रक्तपुरवठा तोडतो.

साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी. पूर्ण कुशीवर न वळवता पाठीमागे उशी देऊन सुमारे ३० अंश कलते ठेवावे, दोन गुडघ्यांमध्ये एक उशी असावी आणि शस्त्रक्रियेच्या बाजूला वळवण्याआधी शल्यविशारदांना विचारावे. पोटऱ्यांखाली उशी अशी द्या की टाचा गादीला टेकणारच नाहीत. टाचांकडे बहुतेक घरांत कुणाचे लक्षच नसते. जेवताना ताठ बसवायलाच हवे आणि नंतर अर्धा तास तसेच ठेवावे, पण एरवी पलंगाची डोक्याकडची बाजू ३० अंशांपेक्षा वर नको, नाहीतर शरीर खाली घसरते आणि माकडहाडावरची त्वचा आतल्या आत ताणली जाते. वर सरकवताना काखेत धरून ओढू नये, दोघांनी चादरीसकट उचलावे. डायपर ओला होताच बदलून झिंक ऑक्साइडचा पातळ थर लावावा.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

काल दुपारीच त्यांना दाखवले. शौचाचा गोळा अडकलेलाच होता; आठ दिवस पोट नीट साफ झाले नव्हते, हे मी विचारात घेतलेच नव्हते. कॅथेटर (लघवीची नळी) घातल्यावर सुमारे ८०० मिलिलीटर लघवी निघाली. औषधांच्या पिशवीत सर्दीची गोळी सापडली, तीही नातेवाइकांनीच आणून दिलेली. ती बंद केली आहे, वेदनाशामक बदलले आहे आणि पोट साफ होण्याचे औषध रोजचे झाले आहे. रात्री ते थोडे बरळले. पूर्ण निवळायला काही दिवस, कदाचित आठवडेही लागतील असे डॉक्टर म्हणाले. डाग बोटाने दाबल्यावर फिकट होतो. आज सकाळी त्यांनी चष्मा मागून घेतला आणि वर्तमानपत्र कालचेच आहे अशी तक्रार केली. ते खरोखरच कालचे होते.