'स्टेट ऑफ ग्रेस': दुर्लक्षित, की नुसताच लांबलेला?

तिरपा कॅमेरा
१९९० च्या सप्टेंबरात आठवड्याभराच्या अंतराने तीन गँगस्टरपट अमेरिकेत लागले. 'गुडफेलाज' सगळ्यांच्या तोंडी आहे, 'मिलर्स क्रॉसिंग'लाही उशिरा का होईना भक्त मिळाले. फिल जोआनूचा 'स्टेट ऑफ ग्रेस' मात्र वीस लाख डॉलरचाही गल्ला न जमवता उतरला. वितरक ओरायन, आणि पुढच्याच वर्षी तीही दिवाळखोरीत.

(पुढे शेवट फोडलाय. पाहिला नसेल तर इथेच थांबा.)

टेरी (शॉन पेन) बऱ्याच वर्षांनी न्यूयॉर्कच्या हेल्स किचनमध्ये परततो, बालमित्र जॅकी (गॅरी ओल्डमन) त्याला आयरिश टोळीत ओढतो, आणि टेरी निघतो छुपा पोलीस. लोक एवढंच धरून बसतात. माझ्या मते चित्रपट टेरीचा नाहीच, जॅकीच्या थोरल्या भावाचा, टोळीप्रमुख फ्रँकीचा (एड हॅरिस) आहे. हिशेब बघा. टोळीतला दोस्त स्टीव्ही इटालियन माफियाचं देणं लागतो. त्या माफियाचा म्होरक्या बोरेली नाराज होऊ नये म्हणून फ्रँकी आपल्याच स्टीव्हीला संपवतो आणि खापर इटालियन लोकांवर फुटू देतो. जॅकीला ते खरं वाटतं, तो बोरेलीची माणसं उडवतो. आता बोरेली भरपाई मागतो आणि ती जॅकीच्या जिवाची असते. एक किरकोळ उधारी मिटवायला निघालेला माणूस शेवटी भाऊ मारून बसतो. यात टेरीने काहीच घडवलेलं नाही. तो नसता तरी हे असंच झालं असतं.

खडूस काकू
तो नसता तरी असंच झालं असतं, हीच तर तक्रार आहे. मग तो आहे कशाला? १३४ मिनिटांतली निम्मी त्याच्या रडव्या चेहऱ्यावर आणि जॅकीच्या बहिणीबरोबरच्या, कॅथलीनबरोबरच्या (रॉबिन राइट) प्रेमप्रकरणावर खर्ची पडतात. रॉबिन राइटला तिने मागे सोडलेली वस्ती आठवत बसण्यापलीकडे कामच दिलेलं नाही.

आणि पोलिसी बाजू तर पोकळच. वर एकच अधिकारी, निक (जॉन टर्टुरो). अंगावर ध्वनिमुद्रक नाही, साक्षीदार नाही. त्या काळी अशा टोळ्यांवर 'रिको' हा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा लावत. त्यासाठी मुळात एक संघटित टोळी आहे हे दाखवावं लागतं, शिवाय दहा वर्षांच्या आत किमान दोन गुन्हे, तेही एकमेकांशी जोडून. हा गडी मित्राबरोबर आग लावत फिरतो. बचावाच्या वकिलाने उलटतपासणीत पहिला तोच प्रश्न काढला असता.

गल्लीबोळ
काकू, रिकोचं बरोबर, पण ज्यांच्यावरून हे घेतलंय त्या हेल्स किचनमधल्या खऱ्या वेस्टीज टोळीची फाटाफूट याहून विचित्र होती. मिकी फेदरस्टोन हा टोळीप्रमुख जिमी कूननचा उजवा हात. १९८६ मध्ये न केलेल्या खुनात तो दोषी ठरला. आपल्याच माणसांनी अडकवलं हे कळल्यावर तो सरकारकडे गेला, आणि त्याची बायको अंगावर मायक्रोफोन लावून टोळीतल्यांशी बोलली. शिक्षा रद्द झाली. १९८८ मध्ये कूनन रिकोखाली आत गेला. म्हणजे खरा 'आतला माणूस' पोलीस नव्हताच.

फ्रँकीबद्दल मात्र तिरपांशी सहमत. कूननने सत्तरच्या दशकाच्या शेवटी गँबिनो या इटालियन माफिया कुटुंबाशी करार केला: मिळकतीतला वाटा वर पाठवायचा, परवानगीशिवाय खून करायचा नाही. स्वतः न्यू जर्सीत घर करून राहायचा. फ्रँकीही तसाच. बोरेलीच्या बैठकीतला फोनचा प्रसंग आठवा. ठरल्या वेळेत निरोप आला नाही तर पोरांनी बंदुका घेऊन आत घुसायचं. तिथे दिसतं की पोरांना तो अजून आपला वाटतो, आणि तो केव्हाच पलीकडच्या टेबलावर जाऊन बसलाय.

तक्रार असलीच तर नकाशाची. शेवटी टेरी बारमध्ये घुसून फ्रँकीच्या टोळीवर गोळ्या झाडतो, त्याच वेळी सेंट पॅट्रिक्स डे या आयरिश सणाची मिरवणूक चाललेली असते. ती पाचव्या अ‍ॅव्हेन्यूवरून जाते. हेल्स किचन आठव्या अ‍ॅव्हेन्यूपासून हडसन नदीपर्यंत. मधले इमारतींचे ठोकळे (ब्लॉक) बरेच लांब आहेत, बॅगपाइप तिथवर ऐकू येणार नाहीत. संकलनात मिरवणूक आणि बारमधला गोळीबार अगदी शेजारी वाटतात.

फोकसपुलर
त्या गोळीबाराला उगाच नावं ठेवू नका. जॉर्डन क्रोनेनवेथ छायाचित्रकार, 'ब्लेड रनर'वाला. अंधाऱ्या बारमध्ये स्लो मोशन म्हणजे काय डोकेदुखी असते ते सांगतो. २४ ऐवजी ९६ फ्रेम्सनी चित्रण केलं (या चित्रपटात नेमका किती वेग होता ते सोडा, हिशेब समजण्यापुरतं धरा) तर प्रत्येक फ्रेमला पाव प्रकाश पोचतो. मग दोन स्टॉप (दर स्टॉपला प्रकाश दुप्पट) भिंग उघडायचं नाहीतर चौपट दिवे लावायचे. भिंग उघडलं की फोकसची खोली घटते आणि धावणारा नट धूसर होतो. दिवे वाढवले तर बारचा बार राहत नाही, दुकान होतं.

त्यात स्क्विब, म्हणजे कपड्याखाली रक्ताच्या पिशवीवर लावलेली छोटी स्फोटक पुडी. नेहमीच्या वेगात खपून जाते. संथ केलं की स्फोटाच्या आधी नटाने मिटलेले डोळे दिसतात, वायरचा फुगवटा दिसतो. शिवाय संथ दृश्याला सेटवरचा आवाज लागत नाही, सगळा नंतर बसवावा लागतो. इथे एन्नियो मॉरिकोनेचं संगीत ते ओझं उचलतं.

खडूस काकू
मेहनत घेतली म्हणून प्रसंग गरजेचा ठरत नाही, फोकसराव. दोन तास माणसं मोजूनमापून मारली आणि शेवटी एकट्याने आख्खा बार झोपवायचा! फ्रँकीला बोरेलीपुढे हिशेब द्यायला जिवंत ठेवला असता तर तिरपा म्हणतायत तो चित्रपट झाला असता.

तिरपा कॅमेरा
हे मान्य. पण ओल्डमन? त्याच्यावर एक अक्षर नाही तुमचं. वस्तीला 'क्लिंटन' असं सोज्वळ नाव दिलं म्हणून चिडणारा, हसताना एकदम थांबणारा जॅकी.

खडूस काकू
जॅकी उत्तम आहे. म्हणूनच तो गेल्यावर मी घड्याळ बघायला लागले.