३० सप्टेंबरचा वाढदिवस घरात साजरा करावा का?

जुळे सोलापूरकर

माझा जन्म ३० सप्टेंबर १९९३ रोजी सकाळी सोलापुरातल्या एका प्रसूतिगृहात झाला. त्याच पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावे जमीनदोस्त झाली. हादरा सोलापुरातही चांगलाच जाणवला होता. कळा सुरू असलेल्या माझ्या आईला खाटेसकट अंगणातल्या कडुनिंबाखाली आणून ठेवले होते, असे घरात सांगतात. आईचे माहेर आजच्या लोहारा तालुक्यातले. तिचे वडील आणि धाकटा भाऊ त्या पहाटे गेले; तिची आई बाळंतपणासाठी सोलापुरात आलेली होती, म्हणून वाचली. ती दोन दिवसांनी "गावाकडे काम निघाले" एवढेच सांगून गेली आणि खरी हकीकत आईला कळली ती मला पाळण्यात घातल्यानंतर.

आई दरवर्षी सकाळी मला ओवाळते, पण घाईघाईने आणि काही न बोलता. त्या दिवशी घरात गोड काही होत नाही. आता माझी मुलगी सहा वर्षांची झाली आहे आणि बाबांना केक का नाही, असे विचारू लागली आहे. पत्नीचे म्हणणे आहे की आईशी सरळ बोलावे. मला आजवर तो धीर झालेला नाही. तारीख पुढे ढकलावी, की आहे तसेच चालू द्यावे?

नवी पेठ

१ ऑक्टोबरला करून टाका. विषय संपला.

पूर्व भागातला

विषय संपणार नाही. मुलगी उद्या आधार कार्ड वाचेल आणि मग दोन प्रश्न विचारेल.

माझा वाढदिवस १२ जानेवारीला असतो. स्वातंत्र्यलढ्यातले मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना १९३१ साली याच तारखेला येरवड्यात फाशी दिली गेली, हे सोलापूरकरांना सांगण्याची गरज नाही. वडील मला त्या सकाळी चार हुतात्मा पुतळ्यांपाशी नेत असत आणि तिथले हार आपल्यासाठीच आणलेले आहेत, अशी माझी पाच-सहा वर्षांचा होईपर्यंत पक्की समजूत होती. त्याच आठवड्यात सिद्धेश्वराची जत्रा, म्हणजे गड्ड्याची यात्रा असते, त्यामुळे अभिवादन आणि पाळण्यात बसणे या दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात करण्यात आम्हाला कधी काही वावगे वाटले नाही. मात्र हे उदाहरण तुम्हाला कितपत लागू पडेल, याची मला शंका आहे. १९३१ चे दुःख शहराने आदराने जपलेले आहे. त्यात रडणारे कोणी आमच्या घरात नव्हते. तुमच्या घरात ते माणूस अजून स्वयंपाकघरात वावरते आहे.

उमरगेकर

मी तेव्हा विशीत होतो आणि दुसऱ्या दिवसापासून ढिगारे उपसायला जात होतो. आदली रात्र अनंत चतुर्दशीची. विसर्जन आटोपून लोक उशिरा घरी येऊन नुकतेच झोपले होते. भिंती दोन-दोन हात रुंद, मातीत रचलेल्या दगडांच्या, आणि वर माळवदाची वर्षानुवर्षे थापलेली माती. आम्हाला लाकडी तुळया दिसत, माणसे दिसत नसत. एका घरात कोनाड्यातली चिमणी तशीच उभी होती, काचसुद्धा तडकली नव्हती.

मला एकच सांगायचे आहे. "माझ्या जन्मामुळे आजी वाचली" हे वाक्य आईची समजूत घालण्यासाठी कृपा करून वापरू नका. आमच्याकडे जे त्या रात्री बाहेरगावी होते, त्यांना लोकांनी "तू नशिबाने वाचलास" असे इतक्यांदा ऐकवले आहे की काहींनी गावी येणेच सोडले. जो वाचला त्याच्या मनात आधी येते की मी तिथे का नव्हतो. तुमच्या आईला वडील आणि भाऊ यांच्या बदल्यात आई आणि मुलगा असा हिशेब मांडून दाखवणे बरे नव्हे.

निवृत्त शिक्षिका, सात रस्ता

तुम्ही आईला विचारलेले नाही आणि उत्तर मात्र स्वतःच ठरवले आहे, असे मला वाटते. सरकारी श्रद्धांजली तारखेने होते. घरातले स्मरण बहुधा तिथीने होते. त्या दिवशी भाद्रपद पौर्णिमा होती आणि लगेच पितृपंधरवडा लागला. तुमच्या आई वडिलांची आणि भावाची आठवण कोणत्या दिवशी काढतात, हे कधी पाहिले आहे का? तिथी आणि तारीख साधारण १९ वर्षांनी एकत्र येतात. २०१२ मध्ये अनंत चतुर्दशी पुन्हा २९ सप्टेंबरलाच आली होती. इतर वर्षी हे दोन दिवस वेगळेच असतात. तुम्ही ज्या दिवशी जपून वागता, तो त्यांचा दिवस नसेलही.

जुळे सोलापूरकर

काल संध्याकाळी आई शेंगा फोडत बसली होती, तेव्हा विचारले. शिक्षिकाबाईंचा अंदाज खरा निघाला. तिला तारखेचे विशेष काही वाटत नाही. विसर्जनाच्या रात्री रस्त्यावरची लेझीम थांबली आणि सगळे शांत झाले की तिला झोप लागत नाही. २०१२ साली ती आजारी आहे असे आम्ही समजलो होतो, ते आजारपण नव्हते. केक का नाही, याचे तिचे उत्तर असे की मी चौथीत असताना मीच तिला "मला वाढदिवस नको" म्हणालो होतो. मला ते आठवतही नाही. तिने ते धरून ठेवले आणि मी तिच्याकडे पाहून गप्प राहिलो.

या वर्षी केक संध्याकाळी आणायचा आहे. शेंगापोळ्या ती स्वतः करणार आहे. पहाटे चारच्या सुमारास ती देवघरात एक दिवा लावते, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हते. तो तसाच राहील. मुलीने फुगे मागितले, त्यालाही तिने हो म्हटले आहे, फक्त ते फोडायचे नाहीत.