ग्रेहाउंड शर्यतींचे २०२५ : मैदाने सदसद्विवेकाने बंद केली की हिशेबाने?

मुक्काम मिडलंड्स (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात इथे ‘एका क्रूर खेळाचा अस्त’ या शीर्षकाचा लेख आला. त्याचा मथितार्थ असा, की २०२५ हे ब्रिटनमधील ग्रेहाउंड शर्यतींच्या, म्हणजे सडपातळ, वेगवान कुत्र्यांच्या शर्यतींच्या अखेरीचे वर्ष ठरले. वेल्समध्ये बंदी जाहीर झाली, क्रेफर्ड, पेरी बार आणि स्विंडन ही मैदाने एकामागून एक बंद पडली, आणि हे सारे लोकांची सदसद्विवेकबुद्धी जागी झाल्यामुळे घडले, असे लेखकाचे म्हणणे आहे. या मैदानांवर जाणारे सगळे काळीज नसलेले जुगारी, असेही एक वाक्य त्यात होते. त्या लेखाखाली चार ओळी लिहायला बसलो, पण चार ओळींत मावेना, म्हणून हा वेगळा धागा.

मी १९९८ पासून बर्मिंगहॅममध्ये राहतो. कारखान्यात नोकरीला लागलो तेव्हा इथल्या लोकांची बोली मला कळत नसे आणि माझी त्यांना. ज्या शुक्रवारी रात्रपाळी नसे, त्या शुक्रवारी सहकारी मला हॉल ग्रीनच्या मैदानावर नेत. कुत्र्यांच्या जाकिटांचे रंग ठरलेले : एक नंबर लाल, दोन निळा, तीन पांढरा, चार काळा, पाच नारिंगी आणि सहा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, एवढे समजले की तिथे भाषेवाचून काही अडत नाही. नकली ससा रुळावरून खडखडत येतो, कुत्रे ज्यातून सुटतात त्या पेट्यांची, म्हणजे ट्रॅपची, झाकणे एकदम वर जातात आणि अर्ध्या मिनिटात सगळे आटोपते. माझे सासरे कराडहून आले होते, तेव्हा त्यांनाही मी नेले. शर्यतीआधी कुत्रे फिरवतात, तिथे ते कठड्याला टेकून प्रत्येकाच्या मागच्या मांड्या बैल निवडावा तशा न्याहाळत राहिले आणि अखेरीस ‘तीन नंबर’ म्हणाले. तीन नंबर दुसरा आला. त्यावर ते पुढे दोन वर्षे फोनवर बोलत असत. आम्हा कोणाचेही काळीज गहाण पडलेले नव्हते.

आता मुद्द्याचे. क्रेफर्डची शेवटची शर्यत १९ जानेवारी २०२५ रोजी झाली, ती मालक कंपनीला मैदान परवडेना म्हणून. वेल्स सरकारने बंदी जाहीर केली ती त्यानंतर, फेब्रुवारीत. पेरी बार तर मेलेलेच नाही. तिथल्या शर्यती सप्टेंबरपासून वुल्व्हरहॅम्प्टनच्या घोड्यांच्या मैदानावर, डन्स्टॉल पार्कला भरू लागल्या. त्याआधीचा इतिहासही हेच सांगतो. वॉल्थमस्टो २००८ साली गेले आणि तिथे घरे झाली. विंबल्डन मार्च २०१७ मध्ये गेले आणि तिथे फुटबॉलचे मैदान झाले. माझे हॉल ग्रीन त्याच वर्षीच्या जुलैमध्ये गेले. १९२६ साली मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर सुरू झालेल्या या खेळाला १९४६ मध्ये वर्षाकाठी सुमारे ३ कोटी ४० लाख प्रेक्षक येत होते. १९६१ पासून रस्त्यावर सट्ट्याची दुकाने कायदेशीर झाली आणि पैज लावण्यासाठी मैदानापर्यंत जाण्याची गरजच उरली नाही. हल्ली दुपारच्या शर्यती रिकाम्या बाकांसमोर होतात, कारण त्या दुकानांतल्या पडद्यांसाठीच भरवल्या जातात. त्या बदल्यात बुकी आपल्या ग्रेहाउंडवरील उलाढालीच्या फक्त ०.६ टक्के रक्कम देतात, आणि तीही ऐच्छिक. माझे म्हणणे एवढेच आहे, की हा वाटा कायद्याने सक्तीचा करून वाढवावा आणि तो पैसा मैदाने सुरक्षित करण्यावर व निवृत्त कुत्र्यांवर खर्च करावा. वेल्समध्ये इस्ट्राड मेनाख येथे एकुलते एक मैदान आहे. ते बंद करायला सरकारला ना पैसा लागला ना धैर्य.

सायली_लेस्टर

तुमच्या सासऱ्यांची आठवण मनापासून आवडली, आणि नेमकी म्हणूनच मला लिहावेसे वाटले. मांड्या न्याहाळल्या, ते ठीक. शर्यत संपल्यावर त्या मांड्यांचे पुढे काय होते, ते माझ्या घरी रोज दिसते.

आमच्याकडे एक काळी ग्रेहाउंड कुत्री आहे. निवारा केंद्रातून आणली तेव्हा चार वर्षांची होती. कानांच्या आतल्या बाजूला हिरव्या शाईची गोंदलेली अक्षरे, मांड्यांवरचे केस झडलेले, आणि मागच्या उजव्या पायाचा सांधा वाकडा जुळलेला. पहिल्या दिवशी ती जिन्यापाशी गेली, पुढचा एक पाय पहिल्या पायरीवर ठेवला आणि वीस मिनिटे तशीच थरथरत उभी राहिली, कारण आयुष्यात तिने जिना पाहिलेलाच नव्हता. काचेचे दारही तिला ठाऊक नव्हते, त्यामुळे त्यावर दोनदा आपटली.

तुम्ही हिशेबाचे बोललात, तर ब्रिटनच्या ग्रेहाउंड मंडळाचाच हिशेब घ्या. २०२४ मध्ये ३,८०९ दुखापती आणि मैदानावर १२३ मृत्यू. आदल्या वर्षी मैदानावरचे मृत्यू १०९ होते. म्हणजे ‘प्रत्येक ग्रेहाउंडला चांगले आयुष्य’ देण्याची योजना २०२२ मध्ये वाजतगाजत जाहीर केल्यावर मृत्यू वाढले आहेत. मैदाने कोणत्या कारणाने बंद पडतात याच्याशी त्या कुत्र्यांना काय देणेघेणे?

मुक्काम मिडलंड्स

आकडे अर्धेच सांगू नयेत. साडेतीन लाखांहून अधिक धावांमागे हे आकडे आहेत. २०१८ मध्ये मैदानावर २४२ कुत्रे मेले होते. उपचार परवडत नाहीत म्हणून त्या वर्षी १७५ कुत्र्यांना मारले गेले होते, तो आकडा आता तीनवर आला आहे. हे बंदीने नव्हे, नियमांनी झाले.

सायली_लेस्टर

२०१७ च्या आधीचे आकडे तुम्ही देत नाही, कारण ते प्रसिद्धच केले जात नव्हते. २००६ मध्ये डरम परगण्यातल्या सीहॅम गावी एका माणसाच्या वाडीत काय सापडले, ते तुम्ही इतकी वर्षे इथे राहता म्हणजे वाचले असणारच. पंधरा वर्षांत दहा हजारांहून अधिक निरोगी ग्रेहाउंड त्याने मारून पुरल्याचा अंदाज होता, आणि त्याला दंड झाला २,००० पौंड. तुम्ही हॉल ग्रीनला जात होता, तीच ही वर्षे. तुमच्यावर आरोप करत नाही, पण ‘नियमांनी झाले’ हे वाक्य मला गिळवत नाही. उघडकीस आल्याशिवाय यांनी एकही नियम केलेला नाही.

गुरांचा डॉक्टर

मी इंग्लंडमध्ये पशुवैद्य आहे. या बाबतीत दोन्ही बाजूंना राग येईल असे सांगतो. कुत्रे घड्याळाच्या उलट दिशेने धावतात, त्यामुळे वळणावर मोठा भार मागच्या उजव्या पायाच्या घोट्यावर येतो आणि तिथली मधली लहान हाडे मोडतात. सायलीताईंच्या कुत्रीचे तेच झाले असावे. त्यातून सहा कुत्रे पहिल्या वळणावर जवळजवळ एकाच वेळी पोहोचतात आणि एकमेकांवर आदळतात. वाळू नीट राखली, वळणाचा उतार सुधारला, तर प्रमाण कमी होते. शून्यावर येत नाही, कारण दोष वळणातच आहे. सरळ पट्ट्यावर पाच कुत्रे पळवले तर बरेच पाय वाचतील, पण बुकींना तो खेळ चालेल का, हे धागाकर्त्यांनी सांगावे.

लीकाठ

तुम्ही सगळे ब्रिटनचेच धरून बसला आहात. तिथे पळणाऱ्या दर पाच कुत्र्यांतले चार आयर्लंडमध्ये जन्मतात, आणि मी कॉर्कमध्ये राहते, म्हणून मला बोलणे भाग आहे.

ब्रिटनमध्ये निदान बुकी पैसे देतात. इथे मी देते. २०२५ च्या अर्थसंकल्पात घोडे आणि ग्रेहाउंड यांच्या निधीला ९ कोटी ९१ लाख युरो मिळाले, आणि २००१ च्या कायद्याने ठरलेल्या ८०:२० वाटणीनुसार त्यातले १ कोटी ९८ लाख ग्रेहाउंडला गेले. माझ्या मुलाला बोलायला उशीर झाला, तेव्हा वाचा-उपचारांसाठी दोन वर्षे रांगेत थांबावे लागले. दर वेळी उत्तर एकच, माणसे नेमायला पैसा नाही. त्याच वर्षी अर्थसंकल्पाच्या बातमीत हा आकडा वाचला आणि वर्तमानपत्र हातातून खाली ठेवले. ही रक्कम कोणत्या धंद्याला मिळते? आयर्लंडच्या ग्रेहाउंड मंडळानेच करवून घेतलेल्या अहवालात, अपेक्षित वेळेत न धावल्यामुळे वर्षाला ५,९८७ ग्रेहाउंड मारले जातात असे म्हटले होते. २०१९ मध्ये आरटीई या इथल्या सार्वजनिक दूरचित्रवाणीने तो दाखवला नसता तर आम्हाला कळलेही नसते.

क्लॉनमेलचा शेजारी

ताई, मुलाबद्दल वाचून वाईट वाटले, पण तो राग चुकीच्या दारावर काढला जातो आहे. हा निधी सट्ट्यावरच्या कराशी जोडलेला आहे. २०१९ पासून तो कर दोन टक्के आहे आणि निधीला जाते त्याच्या आसपासची रक्कम त्यातूनच जमा होते. तुमच्या पगारातून काही जात नाही.

इथे आयर्लंडच्या टिपरेरी परगण्यात माझ्या शेजारी सत्तरी ओलांडलेले निवृत्त पोस्टमन राहतात. त्यांच्याकडे दोन कुत्र्या आहेत. पावसात, दंवात, रोज पहाटे ते त्यांना घेऊन निघतात, आणि परत आल्यावर स्वतः चहा घेण्याआधी त्यांचे पंजे कोमट पाण्याने धुऊन बोटांच्या बेचक्यातली माती काढतात. गुरुवारची शर्यत सोडली तर त्यांच्याशी बोलणारे कोणी नाही. तुम्ही शहरात बसून ही माणसे मोडीत काढता आहात.

लीकाठ

मला ताई म्हणून मग समजूत घालू नका. सट्ट्यावरचा कर हा सरकारी तिजोरीत येणारा पैसा आहे. सिगारेटवरच्या कराने कोणी सिगारेटचे कारखाने चालवत नाही. तुमच्या पोस्टमनकाकांच्या दोन कुत्र्यांबद्दल मला आदर आहे, पण त्या दोन कुत्र्यांची जी भावंडे वेळेत धावली नाहीत, ती कुठे आहेत हे तुम्ही त्यांना कधी विचारले आहे का? म्हाताऱ्या माणसांना गुरुवारी एकत्र बसायला जागा हवी असेल, तर तेवढ्याच पैशात प्रत्येक तालुक्यात एक सभागृह बांधता येईल आणि त्यासाठी कोणाचा पाय मोडावा लागणार नाही.

क्लॉनमेलचा शेजारी

विचारले नाही, हे कबूल. उद्या विचारीन. पण सभागृह बांधून माणसे जमत नाहीत, हे आपल्या गावोगावच्या समाजमंदिरांना लागलेली कुलुपे पाहिलेल्या माणसाला तरी सांगू नका. आणि २०१९ च्या कायद्यानंतर इथे प्रत्येक कुत्र्याची जन्मापासून नोंद ठेवावी लागते, तेवढे तरी लिहायचे होते.

लीकाठ

लिहिते. नोंद ठेवावी लागते. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या मंडळाला कुत्रे मोजायला साठ वर्षे लागली, हेही त्याच ओळीत लिहिते.

पेडण्याचा गावकर

पैशांवरून हाणामारी झाली असेल तर मूळ प्रश्नाकडे येऊ का? मी पेडण्याचा, गेली वीस वर्षे स्विंडनमध्ये आहे. आम्ही गोव्याचे लोक इथे हजारोंनी राहतो. २०२५ च्या अखेरीस बंद झालेले मैदान माझ्या घरापासून बसने वीस मिनिटांवर होते.

बंदीबद्दल मला अनुभव आहे. गोव्यात १९९६ मध्ये उच्च न्यायालयाने धिरयोवर बंदी घातली. रेड्यांच्या आणि बैलांच्या झुंजी थांबल्या का? पहाटे शेतात होतात, निरोप फोनवर फिरतात, आणि पूर्वी निदान उघड्यावर होणाऱ्या गोष्टीत आता जखमी जनावराला डॉक्टरही मिळत नाही. इंग्लंडमध्ये उद्या बंदी आली तर हेच होईल.

सायली_लेस्टर

नाही होणार. धिरयोला दोन जनावरे आणि एक शेत पुरते. ग्रेहाउंड शर्यतीला विजेवर धावणारा ससा, रूळ, ट्रॅप आणि निकालाचा कॅमेरा लागतो, आणि मुख्य म्हणजे देशभरच्या दुकानांत चित्र पोहोचवणारे प्रक्षेपण लागते. हे सगळे भाताच्या खाचरात लपवता येत नाही. सट्टा बंद झाला की कुत्रे पैदा करण्याचे कारणच संपते. वेल्सच्या विधेयकात २०२७ ते २०३० असा अवधी दिला आहे, तो याचसाठी, की कुत्र्यांना घरे शोधायला वेळ मिळावा.

पेडण्याचा गावकर

प्रक्षेपणाचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. तिथे माझी तुलना लंगडी पडते, हे मानतो. तरीही स्विंडनच्या कुत्र्यांपैकी काही दुसऱ्या मैदानावर गेले आणि काही घर मिळण्याच्या रांगेत उभे राहिले. एका केनेलवाल्याशी बोललो, तर त्याच्याकडे दोन्ही प्रकारचे होते आणि कोणता कुत्रा कुठे जाणार हे त्याला अजून ठरवता येत नव्हते. त्या रांगेची काळजी बंदी मागणाऱ्यांपैकी किती जण घेतात?

मुक्काम मिडलंड्स

गावकर, तुमची तुलना अगदीच लंगडी नाही. सशांमागे कुत्रे सोडण्यावर २००४ च्या कायद्याने बंदी आहे आणि लिंकनशरच्या सपाट शेतांत ते अजून चालते. तिथे प्रक्षेपण लागत नाही.

डॉक्टरसाहेबांच्या प्रश्नाला उत्तर असे, की सरळ पट्टा बुकींना चालणार नाही आणि माझ्यासारख्या प्रेक्षकालाही सुरुवातीला चालला नसता. हे लिहिताना बरे वाटत नाही. बंदीला माझा विरोध अजूनही आहे. मात्र आकडे मंडळाने स्वतः न मोजता बाहेरच्या कोणी मोजावेत, आणि ठरावीक वर्षांत मैदानावरचे मृत्यू थांबले नाहीत तर परवाना जावा, इथपर्यंत मी सायलीताईंच्या बाजूला यायला तयार आहे. त्यापुढे नाही.

एक गोष्ट मी धाग्याच्या सुरुवातीला लिहिली नव्हती. फार वर्षांपूर्वी एका मैदानावर पहिल्या वळणापाशी काळ्या जाकिटातला कुत्रा पडला. दोन माणसे धावली, एकाने त्याला दोन्ही हातांवर उचलले आणि दोघे हिरव्या कापडी पडद्याआड गेले. कुत्रा ओरडत नव्हता, मान वळवून ससा गेला त्या दिशेला बघत होता. पुढच्या शर्यतीची वेळ झाली म्हणून आम्ही पैज लावायच्या खिडकीशी रांगेत जाऊन उभे राहिलो. त्या रात्रीची कार्यक्रमपत्रिका अजून माझ्याकडे आहे, पण त्या कुत्र्याचे पुढे काय झाले हे मी कोणालाही विचारले नाही.

तुमच्या कुत्रीच्या कानावरची अक्षरे कळवलीत तर तिच्या सगळ्या धावांची नोंद शोधून देतो. मला त्या नोंदी वाचता येतात.

सायली_लेस्टर

आभार, पण ती नोंद माझ्याकडे आहे. एकेचाळीस धावा, तीन विजय. शेवटच्या धावेपुढचा शेरा अगदी छोटा आहे : ‘पहिल्या वळणावर कोंडी, लंगडत’. आमच्या घरी ती त्यानंतर सात महिन्यांनी आली. मधले सात महिने कुठे होती, ते त्या नोंदीत नाही.