क्रीम फाटतंय? आच आणि टक्केवारी बघा

क्रीम घातलेलं मशरूम-चिकन करताना क्रीम फाटतं म्हणून त्याऐवजी दुधात मैदा कालवून घाला, असा सल्ला काही जण देतात; तो चुकीचा नाही, पण मग ते चिकन नुसतं व्हाइट सॉससारखं लागतं. मुळात गोम अशी की आपल्याकडच्या छोट्या खोक्यातल्या क्रीममध्ये फॅट २५ टक्क्यांच्या आसपास असतं, आणि अमेरिकन पाककृतीतलं हेवी क्रीम किमान ३६ टक्क्यांचं. ते खळखळ उकळलं तरी तग धरतं. आपलं नाही धरत, त्यात लिंबू पिळलं की कण्या झाल्याच. मी गॅस बंद करून मिनिटभर थांबते, वाटीतल्या क्रीममध्ये पॅनमधला दोन पळ्या गरम रस ढवळून घेते आणि मगच ते पॅनमध्ये ओतते. लिंबू शेवटी, ताटात.

आणि मशरूमबद्दल कुणीच कसं सांगत नाही? पहिल्यांदा मी चिकन, मशरूम, ढोबळी मिरची सगळं एकदम टाकलं होतं. इतकं पाणी सुटलं की चिकन परतलं न जाता उकडलंच, रंग आजारी माणसाच्या जेवणासारखा. आता अर्धा किलो लेग बोनलेस कोरडं पुसून, चार मिनिटं अजिबात न हलवता लालसर करून बाजूला काढते. त्याच पॅनमध्ये मशरूम, मीठ न घालता, चुरचुर आवाज येईपर्यंत. मग लसूण, ढोबळी मिरची, अर्धी वाटी पाणी घालून बुडाला लागलेलं उलथन्याने खरवडायचं (खरी चव तिथेच असते), चिकन परत आत, झाकण, आठ-दहा मिनिटं. नॉनस्टिकमध्ये हे खरवडण्यासारखं काही उरतच नाही, बिडाचा तवा खोलगट असेल तर तो घ्या.