जहाज बार्सिलोनाहून, आपण बडोद्याहून: विमानाचं तिकीट कुणी काढायचं?

मेघना, अलकापुरी

येत्या मे महिन्यात आम्ही चौघं, मी, नवरा आणि सासू-सासरे, क्रूझवर निघालोय. बार्सिलोनाहून सात रात्री: मार्सेय, जेनोआ, चिविताव्हेक्किया, नेपल्स आणि परत बार्सिलोना. सासरे ७६ वर्षांचे. त्यांची सगळी नोकरी पुरातत्त्वात गेली आणि नेपल्सजवळचं पाँपेई बघायचं त्यांच्या मनात मी या घरात येण्याच्याही आधीपासून आहे. हा सगळा घाट त्या एका दिवसासाठी घातलाय.

जहाजाचं बुकिंग इथल्या एजंटकडून केलं. अडलंय ते विमानावर. पॅकेजमधलं विमान अहमदाबादहून पहाटे ४ ला सुटतं, दोह्यात पावणेदोन तासांत दुसरं पकडायचं आणि बार्सिलोनात दुपारी १ ला उतरायचं. जहाज त्याच संध्याकाळी ६ ला सुटतं. एजंट म्हणतात, "पांच कलाक हाथमां छे, बेन."

माझ्या हिशेबाने पाच तास हातात राहतच नाहीत. टर्मिनलवरचं चेक-इन जहाज सुटायच्या तास-दीड तास आधी बंद होतं, म्हणजे साडेचारला पोचायलाच हवं. युरोपात १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवरची नवी पद्धत सुरू झालीय. पहिल्यांदा जाणाऱ्याचा फोटो तिथल्या तिथे घेतात आणि व्हिसासाठी दिलेले बोटांचे ठसे ताडून बघतात. आम्ही चौघंही पहिल्यांदाच जातोय. ती रांग, मग बॅगांचा पट्टा, मग टॅक्सीने बंदराच्या धक्क्यावर. विमान दीड तास उशिरा आलं तरी जीव टांगणीला, आणि दोह्यातलं कनेक्शन चुकलं तर सगळंच संपलं.

म्हणून माझं ठाम मत आहे: जहाज एजंटकडून घ्या, विमान आपलं आपण काढा आणि जहाजाच्या दोन रात्री आधी बंदराच्या गावी उतरा. एक नाही, दोन. कारण माणूस पोचतो पण बॅग मागे राहते. हॉटेलात असलात तर ती दुसऱ्या दिवशी तिथे येते. जहाजावर चढलात की ती रोज नव्या बंदरामागे धावत बसते. घरात नवऱ्यासकट कुणाला हे पटत नाहीये. तुम्ही सांगा.

तुषार, मांजलपूर

मेघनाताई, तुमच्या निम्म्या म्हणण्याला माझा पूर्ण पाठिंबा आणि निम्म्याला पूर्ण विरोध. अकरा वर्षं तिकिटांचंच काम करतोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

त्याच दिवशी पोचणारं विमान घेऊ नये, बरोबर. मी माझ्या घरच्यांना कधीच पाठवणार नाही. पण त्यावरचा उपाय स्वतः तिकीट काढणं हा नव्हे. एजंटला सांगा, डेव्हिएशन हवंय. म्हणजे ग्रुपच्या तारखेऐवजी दोन दिवस आधीचं तिकीट, बाकी सगळं तेच. फरकाचे पैसे भरा, हॉटेल तुमचं तुम्ही बघा. बहुतेक ठिकाणी हे करून मिळतं, पण मागितल्याशिवाय कुणी आपणहून सांगत नाही. आमच्या धंद्यातली ही खोड मला आवडत नाही.

आता स्वतः काढण्यातला धोका. लोक काय करतात? फोनवर स्वस्त दिसलं की अहमदाबाद-दुबई एका कंपनीचं आणि दुबई-बार्सिलोना दुसऱ्या कंपनीचं, अशी दोन वेगळी तिकिटं काढतात. दोन पीएनआर. पहिलं विमान तीन तास लेट झालं तर दुसऱ्या कंपनीचा त्याच्याशी काही संबंध नाही. तिच्या लेखी तुम्ही नो-शो, म्हणजे विमानाला आलाच नाहीत. आणि नो-शो झालात की त्याच तिकिटावरची पुढची उड्डाणं, परतीचीसुद्धा, बहुधा रद्द होतात. हे लोकांना काउंटरवर उभं राहिल्यावर कळतं.

काही क्रूझ कंपन्या स्वतःच विमानाची सोय करून देतात. तसं घेतलं असेल आणि विमान रखडलं, तर त्यांच्या माणसांना तुम्ही कुठे अडकलात ते दिसतं आणि पुढच्या बंदरावर पोचवायचं काम ते अंगावर घेतात. स्वतः काढलेल्या तिकिटावर रात्री दोनला तुम्ही कुणाला फोन करणार?

स्वाती, कारेलीबाग

तुषारभाऊंनी जे लिहिलं ते माझ्या भावाच्या बाबतीत घडलंय. दोन तिकिटं, दोन कंपन्या. पहिलं विमान चार तास लेट. मधल्या विमानतळावर बाहेर पडून बॅगा घ्यायला त्या देशाचा व्हिसा लागत होता, तो त्यांच्याकडे नव्हता. वहिनी लहान मुलीला घेऊन रात्रभर खुर्चीवर. जहाज गेलं. भरलेल्या पैशांतून फक्त बंदराचे कर तेवढे परत आले.

पण स्वस्तातलं तिकीट हौसेने काढलं म्हणून असं झालं, असं कुणी म्हटलं की मला राग येतो. वर्षभर पै-पै जमवून निघालेला माणूस आठ-आठ हजारांचा फरक बघणारच. हे सगळं त्याला कोण समजावून सांगतं?

अनंतकाका, निजामपुरा

सूनबाई, मी तुमच्या नवऱ्याच्या बाजूचा. दोन रात्री आधी कशासाठी? बार्सिलोनात मे महिन्यात चार माणसांना दोन खोल्या दोन रात्री म्हणजे किती खर्च, ते एकदा मांडून बघा. शिवाय वडीलधाऱ्यांना दोन दिवस अनोळखी गावात हॉटेल, जेवणाची शोधाशोध, मग परत बॅगा भरून जहाजावर. जहाजावर एकदा बॅग उघडली की आठवडाभर भरायची नाही, हेच तर त्या प्रवासाचं सुख. ते सुख सुरू व्हायच्या आधीच सासूबाईंचे गुडघे दमवू नका. एक रात्र पुरे.

आम्ही दोघं २०१९ मध्ये साउदॅम्प्टनहून गेलो होतो. बडोद्याहून रेल्वेने निघालो, बोरिवलीला उतरलो, अंधेरीला भाचीकडे रात्र काढली, दुसऱ्या दिवशी मुंबईहून लंडनला थेट विमान. हीथ्रोहून साउदॅम्प्टन साधारण शंभर किलोमीटर, बसने गेलो. मध्ये कुठेही कनेक्शन पकडायची धावपळ नाही. या वयात त्या धावपळीचीच भीती असते. दोह्यात एका टोकाच्या गेटवरून दुसऱ्या टोकाला पावणेदोन तासांत जायचं हे तरुणांचं काम.

मेघना, अलकापुरी

काका, मुंबईचा विचार आम्हीही केला. पण रेल्वेवर भिस्त ठेवायची तर ती महिना बघून. ऑगस्ट २०२४ अखेर विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा आमच्या शेजारच्यांची मुंबईची गाडी रद्द झाली आणि ते स्टेशनपर्यंतसुद्धा जाऊ शकले नाहीत. मे महिन्यात ती भीती नाही हे मान्य. तरी एक्सप्रेस वेने अहमदाबाद विमानतळ दोन तासांवर आहे आणि घराच्या दारातून गाडीत बसता येतं. सासूबाईंना तेच बरं पडेल.

दोन रात्रींचं मात्र मी सोडत नाही. १६ एप्रिल २०२४ ला दुबईत अतोनात पाऊस पडला आणि तिथलं वेळापत्रक पुढे कित्येक दिवस रुळावर आलं नाही. २३ जून २०२५ ला कतारचं आकाश काही तासांसाठी बंद झालं आणि आलेली विमानं दुसरीकडे वळवावी लागली. काही तासच, पण दोह्यात कनेक्शन असलेल्यांचं काय झालं असेल? आपल्याकडून पश्चिमेला जायचं तर बहुतेक वेळा आखातावरूनच जायचं. एका रात्रीची फट अशा वेळी पुरत नाही.

केदार, सध्या न्यू जर्सी, मूळचा दांडिया बाजार

दोन मुद्दे अमेरिकेतून, कारण बडोद्याचे बरेच जण मुलांकडे येतात आणि इथूनच मायामीची क्रूझ धरतात.

पहिला: भारतातून येताना अमेरिकेत ज्या विमानतळावर पहिल्यांदा उतरता तिथे इमिग्रेशन होतं, बॅगा ताब्यात घ्याव्या लागतात आणि पुढच्या विमानासाठी पुन्हा द्याव्या लागतात, टॅग थेट मायामीचा लावलेला असला तरी. दोन तासांच्या कनेक्शनमध्ये हे बसवायला जाऊ नका. त्यात घड्याळ साडेनऊ तास मागे गेलेलं असतं. माझे आई-बाबा आले तेव्हा तिसऱ्या दिवसापर्यंत दुपारी जेवताना डुलक्या घेत होते.

दुसरा: जहाज चुकलं तर पुढच्या बंदरावर गाठू, असं सहज म्हणतात. १८८६ चा इथला एक कायदा आहे, परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवासी नेऊ देत नाही. क्रूझची बहुतेक मोठी जहाजं परदेशी झेंड्याचीच. तेव्हा पुढचं बंदरही अमेरिकेचंच असेल, तर तुम्ही धावत तिथे पोचलात तरी ते तुम्हाला चढवून घेतीलच याची खात्री नाही. युरोपात ही अडचण नाही. मेघनाताईंना बार्सिलोना चुकलं तर मार्सेय गाठता येईल, मात्र स्वतःच्या खर्चाने आणि जहाजाला आधी कळवून.

मी तरी दोन रात्रींच्याच बाजूचा.

पल्लवी, वासणा रोड

एवढा त्रास असेल तर सिंगापूरहून का जात नाही? अहमदाबादहून थेट विमान आहे, बंदर शहरातच आहे, घड्याळ जेमतेम अडीच तास पुढे. आम्ही मुलांना घेऊन गेलो, काहीही अडलं नाही.

मेघना, अलकापुरी

पल्लवी, सिंगापूर सोपं आहे, मान्य. पण तिथून जहाज पाँपेईला जात नाही. व्हेसुव्हियसने इसवी सन ७९ मध्ये गाडून टाकलेलं गाव बघायला माझे सासरे निघालेत. नेपल्सच्या धक्क्यावर उतरून ते छोट्या लोकल गाडीने पाऊण तासात तिथे पोचतील. त्यांनी नकाशाची झेरॉक्स काढून त्यावर लाल पेनने खुणा केल्यात, कुठल्या गल्लीत बेकरी, कुठे स्नानगृह. हा प्रवास सोयीचा पडतो का, यावरून आम्ही तो ठरवलेलाच नाही.

वृंदा, फतेगंज

व्हिसाचं कुणीच बोललं नाही आणि खरी मेख तिथेच आहे. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत एकत्र चालणाऱ्या व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. ज्या देशात जास्त मुक्काम त्या देशाकडे करायचा, मुक्काम सारखे असतील तर जिथे पहिल्यांदा शिरता त्या देशाकडे. तुमच्या फेरीत इटलीची तीन बंदरं आहेत, स्पेनचं एकच. बार्सिलोनात दोन रात्रींचं हॉटेल असेल तर स्पेनची बाजू आपोआप भक्कम होते आणि अर्जात समजावत बसावं लागत नाही. म्हणजे मेघनाचा हट्ट इथेही कामाला येतो.

पण स्वतः तिकीट काढायच्या मी विरोधात आहे, ते यासाठी की व्हिसा हातात नसताना परतावा न मिळणारं तिकीट काढून बसणारे मी खूप पाहिलेत. एजंट निदान बुकिंग धरून ठेवतो. आणि फेरीत ट्युनिस किंवा तुर्कस्तान असेल तर एकदाच प्रवेश देणारा व्हिसा चालत नाही. शेंगेनबाहेर पाऊल पडलं की परत शिरायला दुसरा प्रवेश लागतो. मेघनाच्या फेरीत तसं नाही, पण वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या असेल.

तुषार, मांजलपूर

वृंदाताईंना दुजोरा. अजून एक. युरोपियन युनियनचा विमान उशिराच्या भरपाईचा नियम, ६०० युरोपर्यंत, त्याचा हवाला लोक फार देतात. तो युरोपातून निघणाऱ्या कुठल्याही विमानाला लागू होतो. इथून जाताना मात्र विमान कंपनी युरोपातली असेल तरच. आखाती कंपनीने अहमदाबादहून निघालात तर जाताना त्याचा आधार नाही, येताना आहे. जहाज चुकायची भीती तर जातानाच असते. म्हणून प्रवास विमा घेताना कनेक्शन चुकल्याचं कलम किती तासांनंतर लागू होतं ते वाचा. शेंगेनसाठी निदान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतंच, पण त्या पॉलिसीत हे कलम असेलच असं नाही.

आणि पैशांचं: जहाज, हॉटेल, विमान एकत्र घेतलं तर पॅकेजवर टीसीएस, म्हणजे आधीच वसूल केलेला आयकर, कापतात. तो रिटर्न भरताना वळता होतो, बुडत नाही. त्या कारणासाठी विमान वेगळं काढू नका.

अनंतकाका, निजामपुरा

व्हिसाचा मुद्दा मला माहीत नव्हता. तरी दोन रात्री मला जास्तच वाटतात. पण नकाशावर लाल पेनने खुणा करणारा माणूस नेपल्सला न पोचता परत येऊ नये, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. मी माघार घेत नाही, फक्त तुमच्या घरापुरता विरोध थांबवतो.

मेघना, अलकापुरी

काल संध्याकाळी एजंटकडे जाऊन आले. डेव्हिएशन हा शब्द उच्चारल्याबरोबर त्यांनी दुसरा कागद काढला, हे मला आवडलं नाही, पण काम झालं. दोन दिवस आधीचं विमान, एकाच पीएनआरवर, दोह्यात साडेतीन तासांचं कनेक्शन. म्हणजे विमान आपलं आपण काढायचं हा माझा हट्ट मी सोडला, दोन रात्री सोडल्या नाहीत. नवरा अजून एका रात्रीवरच अडून आहे, पण सही त्याने केली.

आता परतीचं. जहाज सकाळी ७ ला बार्सिलोनाला लागेल आणि त्यांनी ११ चं विमान धरलंय. मी दुपारी ३ नंतरचं मागितलंय. त्यांचं म्हणणं, नाहक विमानतळावर बसून राहाल. तुषारभाऊ, काय वाटतं?

तुषार, मांजलपूर

३ नंतरचंच घ्या. जहाज लागलं तरी खाली उतरायला नंबर लावतात, आणि रात्री दाराबाहेर ठेवलेल्या मोठ्या बॅगा खाली जाऊन शोधाव्या लागतात. सासूबाईंसाठी व्हीलचेअर चारही विमानांना वेगवेगळी नोंदवलीय का, ते तिकिटावर बघा. बरेचदा फक्त पहिल्या विमानाला लागलेली असते.

मेघना, अलकापुरी

बघितलं. फक्त पहिल्यालाच आहे. उद्या सकाळी उघडल्याबरोबर तिथे जाते.