टॅब घ्यावेत की ताईला मानधन द्यावं? झांबियातल्या मुलींबद्दल मतं हवीत

रानजाई
आमच्या मंडळानं यंदाचा निधी झांबियातल्या एका शाळेला द्यायचं ठरवलंय. मुलींसाठी २० टॅब. झांबियाच्या राजधानीत, लुसाकात, तीन वर्षं काढलेली मी, शाळा मीच सुचवली, आणि आता टॅबला विरोधही मीच करतेय. सगळे नाराज आहेत.

त्या शाळेत संगणक आधीपासून आहेत. चितेंगे म्हणजे तिथलं छापील सुती कापड, त्याच्या तुकड्यांनी झाकून ठेवलेले, खोलीला कुलूप. २०२४ च्या दुष्काळात, जिथून वीज येते त्या करीबा धरणाचं पाणी खाली गेलं, तेव्हा तर दिवसातले बहुतेक तास वीजच नसायची. मुली शाळेत टिकल्या त्या एका बावीस वर्षांच्या पोरीमुळे. ती तिथूनच बारावी झालेली. तिच्याकडे शंभरपानी वही असायची, न आलेल्या मुलीच्या नावापुढे फुली. तिसरी फुली पडली की ती चालत त्या मुलीचं घर गाठायची. कुणाला बाळ झालेलं असायचं, कुणाचं लग्न घाटत असायचं. बाळंतपणानंतर मुलीला शाळेत परत घ्यायचं, हे धोरण झांबियात १९९७ पासून आहे. पण घरच्यांना ते सांगणार कोण? ही सांगायची, आईजवळ कोळशाच्या शेगडीपाशी बसून.

टॅब हे करणार आहे का? त्यापेक्षा या ताईला मानधन द्यावं, असं मला वाटतं.

कोडवाला_पुणे
रानजाईताई, अजिबात पटलं नाही. मुलगी बारावी झाली, पुढे काय? बाजारात टोमॅटोचे वाटे लावायचे? नायजेरियातल्या लागोसच्या खाडीत खांबांवर उभी असलेली मकोको वस्ती आहे. तिथल्या मुलींना अबिसोये अजायी-अकिनफोलारिन यांच्या संस्थेनं कोडिंग शिकवलं. आणि घानातले अकोटो मास्तर आठवा. शाळेत संगणक नव्हता, पण परीक्षेला विषय होता, म्हणून २०१८ मध्ये त्यांनी वर्डचा अख्खा पडदा रंगीत खडूंनी फळ्यावर काढला. फोटो बघून आपण सगळे हळहळलो. त्या पोरांना खडूचा माउस पुरे, असं तुम्ही म्हणाल का?

रानजाई
नाही म्हणणार. पण मकोकोचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. त्या बाईंनी चालू नोकरी सोडून मुलींच्या मागे वेळ घातला. लॅपटॉप नंतर आले, आधी माणूस आलं.

जुना मास्तर
जिल्हा परिषदेत ३४ वर्षं काढली. टॅबही नको आणि ताईही नको, हे सरकारचं काम आहे. झांबियानं २०२२ पासून सरकारी शाळांची फी बारावीपर्यंत माफ केली. एवढ्या मुली आत आणणं कुठल्या मंडळाच्या आवाक्यातलं आहे? वर्ग ओसंडून गेले, पण पोरी आत आल्या. देणगीदार निघून गेला की काय उरतं ते मी आमच्या शाळेत पाहिलंय: खोक्यांवर धूळ.

द्यायचंच असेल तर सायकली द्या. बिहारनं २००६ साली नववीच्या मुलींना दिल्या. त्या योजनेचा अभ्यास केलेले अर्थतज्ज्ञ निशीथ प्रकाश यांनी पुढे सहकाऱ्यांसोबत झांबियात हेच तपासलं. शाळेला जायचा वेळ सुमारे एक तृतीयांश घटला, गैरहजेरीही कमी झाली.

अनघा_डोंबिवली
मास्तर, फीचं मान्य. पण देणगीदार गेला की सगळं संपतं, हे सरसकट खरं नाही. मुलींच्या शिक्षणासाठी काम करणारी कॅमफेड ही संस्था १९९३ साली झिम्बाब्वेत ३२ मुलींपासून सुरू झाली. त्या ३२ जणींतली एक, अँजेलिन मुरिमिर्वा, २०२३ पासून त्याच संस्थेची प्रमुख आहे. शिकून गेलेल्या मुली परत येऊन पुढच्यांचा हात धरतात. रानजाईंची वहीवाली पोरगी त्यातलीच वाटते.

कोडवाला_पुणे
मग मला एकच सांगा, त्या वहीवालीला पगार किती मिळायचा?

रानजाई
पगार नव्हता. स्वयंसेवक म्हणून काम, त्या बदल्यात धंद्यासाठी बिनव्याजी कर्ज. तिनं कोंबड्या घेतल्या होत्या.

कोडवाला_पुणे
माझी आई आशा सेविका आहे. मानधन वाढावं म्हणून आझाद मैदानावर रात्र काढून आलीय. गावातली बाई म्हणून तिला सगळे मानतात, पण पैशाची वेळ आली की ती "सेवा" होते. तुमच्या वहीवालीला संगणक येत असता तर तिनं दोन पैसे जास्त मागितले असते, निदान दुसरी नोकरी तरी शोधली असती. म्हणून मी टॅब-टॅब करतोय. मुलींनी फक्त टिकून राहू नये, त्यांना भाव मिळावा.

रानजाई
हे लागलं. त्या पोरीच्या चपलेचा अंगठा तुटलेला होता, तिनं तो तारेनं बांधला होता. तीन वर्षं मी तिचं कौतुकच करत राहिले, तेवढ्यात तिचं भागतं का हे एकदाही विचारलं नाही.

जुना मास्तर
आईंना नमस्कार सांगा. ताईबद्दलचं माझं म्हणणं मागे घेतो. सरकारबद्दलचं नाही.

रानजाई
रविवारी मंडळात असं मांडते: २० ऐवजी ८ टॅब, सौर चार्जरसकट, आणि ते कुलपात नाही, तिच्या ताब्यात. उरलेल्या पैशात तिचं वर्षभराचं मानधन आणि एक सायकल. कोडवाला, तिला आधी काय शिकवावं, याची यादी कराल का? तिच्या फोनला डेटा कमी असतो, तेवढं धरून करा.

कोडवाला_पुणे
शनिवारपर्यंत देतो. व्हिडिओ नको, सगळं मजकुरात ठेवतो.